चेसिसला पडलेली भोकं : मोठ्या वॅगनमध्ये डिझेल इंजिन कसं आलं

“पीएच.डी. कशात चाललीय?” असं सोलापुरात कुणी विचारलं की आधी मी ‘तंत्रज्ञानाचा सामाजिक इतिहास’ असं सांगून बघायचे. समोरचा माणूस मान हलवायचा आणि विषय बदलायचा. आता सरळ सांगते, जुन्या मोठ्या गाड्यांचं पेट्रोल इंजिन काढून त्यात डिझेलचं बसवायचे ना, त्याचा इतिहास. मग मात्र माणूस खुर्ची पुढे ओढतो. कुणाच्या मामाकडे डॉज होती, कुणाच्या गावात प्लायमाउथ होती, कुणाचे वडील जीपला ट्रॅक्टरचं इंजिन लावून पंढरपूरची भाडी मारायचे. आणि प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नावर येऊन थांबते : “पण ॲव्हरेज काय द्यायची?”

आजची पोस्ट या ॲव्हरेजबद्दलच आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की इंजिन निवडताना लोक ॲव्हरेज बघत होते हे खरं, पण ॲव्हरेज नावाची गोष्ट एकट्या इंजिनात नव्हती. तिचा मोठा वाटा दिल्लीत ठरणाऱ्या करात होता, काही वाटा सुट्या भागांच्या दुकानात होता, आणि उरलेला मिस्त्रीच्या हातात.

आधी गाड्या कुठून आल्या ते बघू. सोलापूरकरांना माहीत असतं, पण बाहेरच्यांना सांगावं लागतं की वालचंद हिराचंद इथले. जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डीसोटो, प्लायमाउथ, आणि ट्रकमध्ये फार्गो. जनरल मोटर्स त्याच्याही आधीपासून, १९२८ पासून, मुंबईत शिवडीला शेव्हर्ले जोडत होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं की नुसते भाग आणून गाड्या जोडायच्या असतील तर इथे राहू नका, टप्प्याटप्प्याने इथेच बनवा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. आयातीवर बंधनं आली. प्रीमियरचं लक्ष हळूहळू छोट्या फियाटकडे वळलं.

याचा परिणाम असा झाला की आठ-नऊ माणसं आणि वर टपावर सामान घेणारी मोठी गाडी एकदा जी देशात आली ती आली. तिच्या जागी नवी मिळणार नव्हती. फियाट-अँबॅसिडरसाठीसुद्धा वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, मग वॅगनचं काय घेऊन बसलात. या वॅगनपैकी काही मूळच्याच स्टेशन वॅगन होत्या, काहींची बॉडी इथे चेसिसवर सुतारांनी आणि पत्रेवाल्यांनी चढवलेली. पहिला मालक संस्थानिक, गिरणीमालक नाहीतर डॉक्टर. दुसरा कुणी बागायतदार. तिसरा मालक भाडी मारणारा. सोलापूरच्या आजूबाजूला पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. एवढी देवस्थानं असताना नऊ माणसांच्या गाडीला गिऱ्हाईक कमी पडत नव्हतं. कमी पडायचं ते पेट्रोलला लागणारे पैसे.

कारण ही इंजिनं पेट्रोल पीत होती. क्रायस्लरचं सहा सिलिंडरचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन साधारण साडेतीन लिटरचं. साइड-व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी उभे. बनवायला सोपं, चालायला रेशमासारखं मऊ, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण ते सातपटीच्या आसपासच दाबू शकतं. डिझेल इंजिन हवा सोळा ते बावीस पट दाबतं, आणि इंधनातून जास्त काम निघतं ते त्यातूनच. शिवाय पेट्रोल इंजिनाला हळू चालवताना हवेचा रस्ता चिमटावा लागतो, त्यात ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी, फक्त इंधन कमी-जास्त. आणि एक लिटर डिझेलमध्ये मुळातच एक लिटर पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते, हेही धरायला हवं.

साइड-व्हॉल्व्हचा सोलापुरी तोटा वेगळाच. या इंजिनात जळालेला गरम धूर ब्लॉकमधूनच वाट काढत बाहेर पडतो, त्यामुळे रेडिएटरवर भार जास्त. मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात मोहोळ-टेंभुर्णीच्या रस्त्यावर पेट्रोलची नळी तापून आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद. मग पंपावर ओलं फडकं ठेवून झाडाखाली बसायचं. डिझेलला हा व्हेपर लॉकचा त्रास नाही. म्हणजे ॲव्हरेज बाजूला ठेवलं तरी डिझेलकडे वळायला इथे एक कारण होतंच.

पण मोठी लाट आली ती १९७३ नंतर. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव बॅरलला तीनेक डॉलरवरून जवळजवळ बारा डॉलरवर गेला. इथे सरकारने पेट्रोलवरचा कर चढवला. त्या निषेधात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. डिझेल मात्र सरकारने जपलं. ट्रक, एसटी, शेतातले पंप, ट्रॅक्टर सगळं डिझेलवर चालणारं. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांची चैन आणि डिझेल म्हणजे देशाची गरज, असा हिशेब. दोन्ही भावांतली ही दरी पुढची तीन-चार दशकं कमी-अधिक प्रमाणात टिकली. पेट्रोलचे दर सरकारने मोकळे सोडले जून २०१० मध्ये, डिझेलचे पूर्णपणे ऑक्टोबर २०१४ मध्ये.

आता एक छोटं गणित करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, भाव म्हणून वाचू नका. समजा पेट्रोल लिटरला दोन रुपये आणि डिझेल एक रुपया. वॅगन पेट्रोलवर लिटरला सहा किलोमीटर देते, डिझेल इंजिन बसवल्यावर दहा. शंभर किलोमीटरला आधी तेहतीस रुपये लागायचे, आता दहा. तेवीस रुपये वाचले. पण डिझेलही दोन रुपयेच असतं तर? वीस रुपये लागले असते, म्हणजे बचत तेराची. तेवीसपैकी तेरा रुपये इंजिनाने वाचवले आणि दहा रुपये सरकारच्या कररचनेने. भाडी मारणारा माणूस मात्र “ॲव्हरेज वाढलं” असंच म्हणतो, आणि त्याच्या बाजूने बरोबरच आहे. त्याला खिशातले रुपये दिसतात. एवढंच की मग आपण इतिहास लिहिताना ‘डिझेल इंजिन कार्यक्षम म्हणून लोकप्रिय झालं’ असं एका ओळीत लिहून मोकळं होऊ नये.

बरं, डिझेल बसवायचं ठरलं. कुठलं? सगळ्यात रंगतदार भाग हाच, आणि इथे कॅटलॉग उघडून बसण्याची चैन कुणालाच नव्हती. जे अपघातग्रस्त ट्रकमधून, लिलावातून, भंगारातून मिळेल त्यातूनच निवड.

सुरुवातीला नाव पर्किन्सचं. फ्रँक पर्किन्सने १९३२ मध्ये इंग्लंडात पीटरबरोला ही कंपनी काढली ती मुळातच दुसऱ्याच्या गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जागी बसेल असं जलद फिरणारं डिझेल बनवायला. म्हणजे ‘बदली इंजिन’ हाच तिचा जन्मजात धंदा. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्स इंजिनं इथे बनवायला घेतली, आणि सहा सिलिंडरचं पी-६ ट्रकमधून गावोगाव पोचलं. ४.७ लिटरचं, ८३ अश्वशक्तीचं. फार्गो-डॉज ट्रकमध्येही तेच. त्यामुळे एकाच घराण्यातल्या गाडीत बसवायला ते सोयीचं, असं आपल्याला वाटतं. पण हे ट्रकचं इंजिन, बिडाचा नुसता डोंगर. वॅगनच्या पुढच्या स्प्रिंगा बसायच्या, स्टीअरिंग जड व्हायचं. त्याचाच चार सिलिंडरचा भाऊ पी-४, तीन लिटरच्या वरचा, वजनाला बरा. पण चार सिलिंडरचं डिझेल थरथरतं. मूळ सहा सिलिंडरच्या मऊ इंजिनासाठी बांधलेल्या बॉडीत ते बसवलं की दारांच्या बिजागऱ्या, लाकडी सांधे, काचा सगळंच बोलायला लागतं.

मग जीपवाल्यांची वाट. महिंद्राच्या जीपमध्ये विलीजचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरच्या भागीदारीत महिंद्राने १९६३ पासून ट्रॅक्टर बनवायला घेतले, आणि त्या ट्रॅक्टरचं डिझेल जीपला बसतं हे कंपनीलाही कळलं आणि मिस्त्र्यांनाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचं काय? ट्रॅक्टरचे पिस्टन-रिंग तालुक्याच्या गावी मिळतात, पंप-नोझलचा माणूस ओळखीचा. इथे एक गोष्ट विसरायला नको, डिझेल इंजिन सोलापूर जिल्ह्यात मोटारीतून आलं नाही, विहिरीवरून आलं. किर्लोस्कर, कूपर ही नावं घरात देव्हाऱ्यातल्या नावांसारखी पाठ. खेड्यात अजूनही ‘इंजिन’ म्हटलं की पाण्याचं इंजिनच डोळ्यांपुढे येतं.

पण ट्रॅक्टरचं इंजिन हळू फिरतं, मिनिटाला दोन हजारांच्या आसपास. जीपचं क्राऊन-पिनियन ५.३८ ला एक, म्हणजे इंजिनाचे सव्वापाच-साडेपाच फेरे झाले की चाकाचा एक. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर दोन हजार फेऱ्यांना वेग येतो ताशी पन्नास किलोमीटर. पुढे इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. अमेरिकन वॅगनचं प्रमाण साधारण ३.९, त्यामुळे तेच इंजिन तिला ताशी सत्तरीच्या जवळ नेतं. पण मग चढाला ओढ कमी पडते. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर जवळपास सपाट, तिथे चालून जातं. तुळजापूरला बालाघाटची कड चढताना नऊ माणसं आणि टपावरचं सामान घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगावं लागतं. म्हणून ‘कुठलं इंजिन चांगलं’ या प्रश्नाला मिस्त्री उलटा प्रश्न करतो, “गाडी कुठल्या रोडला चालवणार?” मला हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पुस्तकातल्या बऱ्याच व्याख्यांपेक्षा नेमका वाटतो.

बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं इंजिन आलं तेव्हा बऱ्याच जणांचा प्रश्न सुटला. लहान, जलद फिरणारं, पुण्याचं, आणि मॅटाडोर एवढ्या झाल्या की भाग कुठेही मिळायचे. अँबॅसिडरमध्ये ते देशभर बसवलं गेलं. पण अमेरिकन वॅगनच्या धुडाला ते थोडं कमी पडतं. हिंदुस्थान मोटर्सने १९८० च्या सुमारास स्वतःच डिझेल अँबॅसिडर आणली, १४८९ सीसी, ३७ अश्वशक्ती. ते इंजिन वॅगनला लावणं म्हणजे म्हशीच्या गाड्याला शेळी जुंपणं. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला आणि एक्सडीपी ४.९० हे इंजिन इगतपुरीत बनू लागलं. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, नावातच सगळं. २११२ सीसी, साठच्या जरा वर अश्वशक्ती. पुढे टेम्पो ट्रॅक्समधून मर्सिडीजचं २.४ लिटरचं ओएम ६१६. जुनी वॅगन आता चाळिशीत पोचलेली, पण इंजिनं तिच्या नातवंडांच्या वयाची.

ॲव्हरेजच्या शर्यतीत यातलं पहिलं कुठलं? प्रामाणिक उत्तर असं की फरक थोडा होता आणि त्यावर फारसं ठरत नव्हतं. ठरायचं ते भागांवर. एखादं इंजिन लिटरला दोन किलोमीटर जास्त देईल, पण त्याचं हेड गॅस्केट मुंबईहून यायला आठ दिवस लागले आणि ते आषाढीचे आठ दिवस असले, तर वर्षाची कमाई बुडाली. चुकीचं इंजिन घेणं म्हणजे भाडी मारणाऱ्या माणसासाठी बायकोचे दागिने घालवणं, इतकं साधं होतं ते.

बसवण्याचं कामही पुस्तकात नाही. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्या मध्ये लेथवर जाड लोखंडी प्लेट कातायची. भोकांचा मध्य केसभर चुकला तर क्लच आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग काही महिन्यांत संपतं. चेंबर पुढच्या ॲक्सलला लागतं म्हणून ते कापून उथळ करायचं. कार्बोरेटर आणि डेल्को जातात, पंप आणि नोझल येतात. १९५५-५६ पर्यंतच्या अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. सहा व्होल्टवर डिझेलचा सेल्फ फिरत नाही, म्हणून बारा व्होल्टची मोठी बॅटरी, नवा डायनामो, आणि हेडलाइटच्या बल्बपासून हॉर्नपर्यंत सगळं बदलायचं. पुढच्या पाट्यांत किंवा स्प्रिंगांत भर. शेवटी चेसिसला नवी भोकं पाडून नवं फाउंडेशन वेल्ड करायचं. गिरण्या आणि यंत्रमागांच्या गावात टर्नर-फिटरची वाण नव्हती, हे सोलापूरचं नशीब. ब्रेक मात्र बहुतेक वेळा जुनेच राहायचे, आणि वजन वाढलेलं असायचं. या इतिहासाचं कौतुक करताना मला ही गोष्ट दर वेळी टोचते.

कागदांचं काय? इंजिन बदललं की आरटीओला कळवायचं हे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही होतं. कळवलं जायचं का, हा वेगळा विषय. माझ्यासारखीचं दुखणं इथेच आहे. आरसी बुकात ‘इंधन : पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल, अशी गाडी कागदावरून मोजायला गेलं की इतिहासच चुकतो. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ दोन हजार सालच्या दुरुस्तीने कडक झालं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही. गंमत अशी की सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्याला त्याच कलमात वाट ठेवलेली आहे. म्हणजे इंधन बदलणं ही चाल कायद्याला मान्य आहे, दिशा तेवढी त्याने ठरवून दिली आहे. मुंबईच्या फियाट टॅक्सींनी हा पूर्ण फेरा केला. नव्वदच्या दशकात डिझेलवर गेल्या, आणि धुराविरुद्धच्या याचिकेत उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर काही वर्षांत सीएनजीवर.

कारखान्यांना हे सगळं उशिरा उमगलं. टेल्कोने १९९२ मध्ये पुण्याहून टाटा इस्टेट काढली, १९४८ सीसी डिझेलची मोठी स्टेशन वॅगन. जाहिरातीत ती नवी कल्पना होती. सोलापूरच्या रस्त्यावर डिझेलची मोठी वॅगन तोवर म्हातारी झाली होती.

डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात शोधांपेक्षा वापराचा इतिहास लिहा असा आग्रह धरलाय, आणि त्यासाठी घानातल्या मोटार दुरुस्तीच्या वस्त्यांचं उदाहरण घेतलंय. आपल्याकडे दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांगला जा. संदकफूला जाणाऱ्या पन्नाशीच्या दशकातल्या लँड रोव्हर दिसतील. पर्यटक त्यांच्या इंग्रजी वयाचे फोटो काढतात, आणि त्यातल्या कित्येकींना वर चढवतं ते महिंद्राचं डिझेल.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण वेगळं आहे. जुन्या अमेरिकन गाड्यांना आता हौशी लोकांत चांगला भाव आलाय. वॅगन विकली जाते, आणि नवा मालक पहिलं काम करतो ते डिझेल काढून टाकायचं. त्यांच्या भाषेत ती ‘बिघडवलेली’ गाडी असते. परदेशातून मूळ सहा सिलिंडरचं इंजिन मागवतात, सहा व्होल्टची वायरिंग परत घालतात, चेसिसची भोकं भरून घासून रंगवतात. गाडी सुंदर दिसते, नाही म्हणत नाही. पण ती वॅगन अमेरिकन इंजिनावर फार तर पंधरा-वीस वर्षं चालली असेल, आणि डिझेलवर तीस. तिने वारकरी नेले, लग्नाची वऱ्हाडं नेली, दवाखान्यात बाळंतिणी नेल्या ते डिझेलवर. तरी ‘ओरिजिनल’ म्हणायचं ते पहिल्या पंधरा वर्षांना.

म्हणून अशी गाडी दिसली की मी नंबरप्लेट किंवा आरसी बुक नंतर बघते. आधी बॅटरी घेऊन खाली शिरते आणि चेसिसच्या दोन्ही बाजूंची भोकं मोजते. कारखान्याची भोकं गोल, गुळगुळीत कडांची. पुढची ड्रिलची, जरा तिरकी. त्यानंतरची कधी कधी गॅसने कापलेली, कडेला वितळलेल्या लोखंडाचे थेंब. फाउंडेशनच्या खुणांचे तीन संच सापडले तर तीन इंजिनं झाली, आणि मग मालकाला विचारायला सुरुवात करायची की मधलं कुठलं होतं.